मास्तरांची डावी बाजू

आपल्या हाताखाली शिकलेला माणूस गाडीवर उजवीकडून चढताना कुणाला दिसला, तर मिशा उतरवून देईन, अशी मास्तरांची पैज होती. ती त्यांनी बत्तीस वर्षांपूर्वी जाहीर केली होती आणि मिशा अजून जागच्या जागी होत्या.

मास्तर मोटरसायकल शिकवत. शहराच्या कडेला एका जुन्या गोदामामागे मैदान होतं, तिथे त्यांचा वर्ग भरे. पहिले तीन दिवस गाडी चालू करायचीच नाही. नुसतं चढायचं आणि उतरायचं. बँकेतले साहेब असोत, दवाखान्यातल्या नर्स असोत, सगळे रांगेत उभे राहून चढत आणि उतरत, आणि मास्तर छातीवर हातांची घडी घालून समोर उभे.

"स्टँड कुठे?"

"डावीकडे."

"म्हणून गाडी डावीकडे झुकते. सायलेन्सर कुठे?"

"उजवीकडे."

"म्हणून पोटरी उजवीकडे भाजते. रहदारी उजवीकडून येते, म्हणून माणूस उजवीकडे मरतो. आता सांगा, चढायचं कुठून आणि उतरायचं कुठून?"

सगळे एका सुरात सांगत. मास्तरांना हा सूर इतका आवडे की शिकवून झालं तरी ते एकदा परत विचारत. नियम त्यांच्या इतका अंगी मुरला होता की रात्री पलंगावरसुद्धा ते डावीकडूनच चढत, आणि त्यासाठी पलंग भिंतीपासून ओढून घेतला होता.

मास्तरांची बायको टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी आळीतले सगळे तिला ऑपरेटरबाईच म्हणत. आपण नुसतं बाई म्हणू. बाईंना मास्तर रोज सकाळी एक्सचेंजवर सोडत आणि संध्याकाळी घेऊन येत. इतक्या वर्षांत या दोघांना गाडीवर बसण्यासाठी शब्दांची गरजच उरली नव्हती. मास्तर दोन्ही पाय टेकवून, समोर बघत थांबायचे. बाईंनी फूटरेस्टवर पाय दिला की गाडी दबायची, मग बाईंचा हात मास्तरांच्या खांद्यावर पडायचा. गाडी दबली, खांद्यावर हात पडला, की मास्तर निघाले. वळून बघण्याचा प्रश्नच नव्हता. मागचं बघायला आरसे दिलेत, मान नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मास्तरांना घरात बोलता येत नसे. म्हणजे तसं बोलत. दूध आलं का, बल्ब गेलाय, माझा चष्मा कुणी हलवला, हे सगळं बोलत. पण मनातलं काही सांगायचं म्हटलं आणि समोर बाईंचा चेहरा आला, की शब्द घशाशी येऊन बसायचे. गाडीवर तसं होत नसे. पुढे रस्ता, मागे बाई. तिथे त्यांची जीभ मोकळी व्हायची. मुलगी होणार हे कळलं तेव्हा आपण आतून किती घाबरलोय, हे त्यांनी बाईंना पुलावरून जाताना सांगितलं होतं. वडील गेले तेव्हा घरात ते खांबासारखे उभे होते आणि दुसऱ्या दिवशी एक्सचेंजच्या वाटेवर हेल्मेटच्या आत रडले होते. बोलून झालं की पाठीवर एक हलकी थाप पडायची. ती थाप म्हणजे ऐकलं. मास्तरांना तेवढं पुरायचं.

आठ महिन्यांपूर्वी बाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडीवर बसणं बंद पडलं. त्याबरोबर मास्तरांचं बोलणंही बंद पडलं. आठ महिने घरात नुसतं दूध आणि बल्ब.

आणि नेमकं याच आठ महिन्यांत मास्तरांना काहीतरी सांगायचं होतं. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात एक विचार आला आणि तो डोक्यातून जाईना. डावीकडून चढायचं म्हणजे सगळा भार डाव्या गुडघ्यावर. उतरताना पुन्हा डाव्याच गुडघ्यावर. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे दिवस, बत्तीस वर्षं. एकोणीस हजार दोनशे वेळा बाई त्या गुडघ्यावर चढल्या होत्या आणि तितक्याच वेळा उतरल्या होत्या. का, तर नवऱ्याचा नियम. वर गेली तीन वर्षं बाई दुखतंय दुखतंय म्हणत होत्या आणि मास्तर म्हणत होते, सकाळी चालत जा म्हणजे बरं वाटेल. मास्तरांची खात्री पटली की हा गुडघा आपणच खाल्ला. ते बाईंना सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, आणि सांगायची जागा तर बंद पडलेली.

त्यात मुलीनं गाडीचा विषय काढला. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, चौदा किलोमीटरवर.

"बाबा, गाडी काढून टाका आता. माझ्या ऑफिसमधले एकजण जुनी गाडी शोधतायत. वर्गाच्या गाड्या आहेतच की मैदानावर. आणि आई कुठेही जायचं तर टॅक्सीनं जाईल."

 बाई म्हणाल्या, "एकदा बसून बघते. दोन आठवड्यांनी रविवारी तुझ्याकडे गाडीवरून येतो आम्ही. जमलं तर गाडी राहील, नाही जमलं तर तुझ्या त्या माणसाला देऊन टाकू."

म्हणजे सगळं आलं त्या एका रविवारवर.

बाईंकडून व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मुलगी घरी येत असे. ती मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. मास्तरांनी तिला विचारलं, गाडीवर बसवायचं तर कसं?

"सोपं आहे सर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एवढं पाळलं की झालं."

"चांगला पाय म्हणजे उजवा."

"हो."

"उजवा पाय आधी ठेवायचा म्हणजे…"

"म्हणजे उजवीकडून चढायचं, सर."

मास्तर खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ती मुलगी जाताना हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, सर."

तालीम भर दुपारी सुरू झाली, कारण दुपारी आळी झोपलेली असते. फाटकाला आतून कडी. मास्तर गाडी अशी उभी करत की तिची उजवी बाजू ओट्याच्या पायरीला लागेल. बाई एका हातात काठी धरून पायरीवर उभ्या राहत, उजवा पाय फूटरेस्टवर ठेवत, आणि डावा पाय कंपाससारखा मागून फिरवून पलीकडे टाकत. तिसऱ्या दिवशी बाईंना ते छान जमायला लागलं. मास्तरांना आठ दिवस लागले. गाडी उजवीकडे दबली की ते नकळत डावीकडे रेलायचे. मग बाई मागून म्हणायच्या, "अहो, सरळ बसा. मी पडतेय की तुम्ही?"

राहता राहिला सायलेन्सर. मास्तरांची गाडी जुनी, किक मारून चालू होणारी. सायलेन्सरवरची जाळी कधीच गळून पडली होती, कारण उजवीकडून चढतंय कोण? आता बाईंची पोटरी भाजली तर? मास्तरांनी दोन रात्री विचार केला आणि रविवारी सकाळी एक जाडजूड टॉवेल पाण्यात भिजवून सायलेन्सरभोवती गुंडाळला, वरून तारेनं आवळला. ओला टॉवेल चौदा किलोमीटर ओलाच राहील, असा त्यांचा अंदाज होता. बत्तीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाचा अंदाज आहे म्हटल्यावर बाई काही बोलल्या नाहीत.

मास्तरांनी आपला फोन बाईंच्या पिशवीत टाकला. गाडीवर फोन घ्यायचा नाही, हा त्यांचा तिसरा नियम. दोघांनी हेल्मेटं घातली. गाडी उजवीकडे दबली, खांद्यावर हात पडला, आणि आठ महिन्यांनी मास्तर निघाले.

पहिले तीन किलोमीटर काय मजेत गेले. मास्तरांनी मनात ठरवलं होतं, गर्दीत नाही बोलायचं. मोठा सिग्नल ओलांडला की तळ्याच्या कडेनं सरळ रस्ता लागतो, तिथे सांगायचं. वाक्यं त्यांनी पाठ केली होती. पहिलं वाक्य होतं, "हे बघ, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." इथवर छान होतं. पुढची वाक्यं ते मनात घोळवत होते, तेवढ्यात त्यांच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. एक नाही, धडाधड सात-आठ.

टॉवेल कधीच सुकला होता आणि आता धुमसत होता. मागच्या दोन गाड्या धुरात दिसेनाशा झाल्या होत्या.

मास्तरांचं डोकं मात्र शाबूत होतं. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर रस्त्याला लागून उंच पायरी होती. त्यांनी गाडी आत वळवली आणि उजवी बाजू बरोब्बर पायरीला लावली. इंजीन त्यांनी बंद केलं नाही, कारण मग किक मारायला जागेवरून उठावं लागलं असतं. बाई पायरीवर उतरल्या. दुखरा पाय आधी, सगळं नियमाप्रमाणे. दुकानातून सायकलवाला पक्कड घेऊन धावला. बाईंनी एका हातानं सीटवर भार दिला आणि वाकून बघितलं. सायकलवाल्यानं तार तोडली, टॉवेल खाली पडला. बाईंना सरळ उभं राहायचं होतं. काठी दुकानाच्या दाराशी टेकवलेली. मग त्यांनी आधारासाठी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता मास्तरांच्या बाजूनं विचार करा. आधी गाडी दबली, मग खांद्यावर हात पडला. बत्तीस वर्षांत याचा दुसरा काही अर्थ झालेला नव्हता.

मास्तर निघाले.

बाई पायरीवर उभ्या. सायकलवाल्याच्या हातात पक्कड, पायाशी धुमसता टॉवेल. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

"गेले," तो म्हणाला.

"येतील," बाई म्हणाल्या. "एक खुर्ची मिळेल का?"

गाडी हलकी चालतेय, हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही असं नाही. वळणावर ती फुलासारखी वळली, चढावर गिअर बदलावा लागला नाही. आधी त्यांना वाटलं, परवा ऑइल बदललं त्याचा गुण. मग त्यांच्या मनात आलं, ऑइलनं एवढा फरक पडत नाही. ही किती वाळली आहे. आठ महिने दवाखान्याचं पथ्य, गोळ्या, दुखणं. रोज समोर असते आणि आपल्याला कधी दिसलं नाही.  मोठ्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते सगळ्या रहदारीवर आवाज चढवून म्हणाले, "किती बारीक झालीस गं तू!"

शेजारी स्कूटरवर एक चांगले जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी मान वळवली. "मला म्हणालात?"

"नाही हो. मिसेसना."

गृहस्थांनी मास्तरांच्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मग मास्तरांच्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"किती दिवस झाले?"

"आठ महिने," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, ऑपरेशनचं विचारतायत. बाईंच्या हातातली काठी दिसली असेल.

"काय झालं होतं?"

"गुडघा."

"गुडघ्यानं?"

"तीन वर्षं सोसलं तिनं. मी लक्ष दिलं नाही."

"असं मनाला लावून घेऊ नका," गृहस्थ म्हणाले. "आता त्यांना काही त्रास नाही."

"नाही नाही, आता काही त्रास नाही. उलट आज पहिल्यांदा मागे बसलीय."

गृहस्थांनी हातमोजा काढला आणि स्कूटरवरूनच मास्तरांच्या दंडावर हात ठेवला. "त्या कायम तुमच्याबरोबर असणार आहेत."

"मग, जाणार कुठे," मास्तर म्हणाले.

दिवा हिरवा झाला. गृहस्थ वळेपर्यंत डोळे पुसत होते. किती चांगली माणसं असतात जगात, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना धीर आला. तळ्याचा रस्ता लागल्या लागल्या त्यांनी सुरुवात केली.

"हे बघ, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

आणि मग ते बोलले. पाठ केलेलं सगळं विसरले, पण बोलले. कॅलेंडरचं सांगितलं. एकोणीस हजार दोनशेचा आकडा सांगितला. म्हणाले, तुझा गुडघा मी घालवला. नियम माझा होता आणि हाड तुझं. तू दुखतंय म्हणत होतीस आणि मी तुला चालायला पाठवत होतो. म्हणाले, ऑपरेशनच्या आत तुला नेलं तेव्हा तू मला 'जेवून घ्या' म्हणालीस आणि मी साधं 'हो' म्हणायच्या ऐवजी चष्मा पुसत बसलो. म्हणाले, तू नसतीस तर मला घर कसं उघडायचं तेसुद्धा कळलं नसतं. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं गं."

आणि ते थापेची वाट बघत राहिले.

तळं संपलं. थाप पडली नाही. दोन चौक गेले, तरी नाही.  बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आरशात बघावं तर त्यात त्यांचेच कोपर आणि मागचा रस्ता. वळून बघण्याचा त्यांना धीर झाला नाही, आणि यावेळी नियमाचा काही संबंध नव्हता. ती रागावली. रागावणारच. गुडघा काय परत येतो?

मुलगी फाटकाशी हातात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. बाईंचा तिला केव्हाच फोन आला होता. बाई म्हणाल्या होत्या, "तुझे बाबा येतायत. मी मागे नाहीये. मी ठीक आहे, सायकलच्या दुकानात बसलेय. पण आल्या आल्या ओरडू नकोस त्यांच्यावर. आधी पाणी दे."

मास्तरांनी गाडी फाटकाच्या पायरीला लावली. उजवी बाजू आत. ब्रेक घट्ट दाबला. समोर बघत हळू आवाजात म्हणाले, "उतर सावकाश. दुखरा पाय आधी."

गाडी हलली नाही.

"रागाव तू माझ्यावर. पाहिजे तेवढी रागाव. पण आधी उतर, पाय आखडेल."

मुलगी पुढे झाली. "बाबा, पाणी घ्या."

"आधी आईला हात दे."

"आई उतरली, बाबा."

"कधी?"

"पंचवीस मिनिटं झाली."

मास्तरांनी मान वळवली. सीट चकचकीत, रिकामी. त्यानंतरच्या दोन मिनिटांत काय काय झालं ते त्यांना पुढे कधी नीट आठवलं नाही. मुलीनं मात्र सगळं बघितलं. तिचे बाबा, ज्यांनी तिला तिचाकी सायकलवरसुद्धा डावीकडून बसायला लावलं होतं, ते उजवीकडून उतरले. उतरले कसले, कोसळले. उघड्या सायलेन्सरवर पोटरी टेकली, "आई गं" म्हणून त्यांनी उडी मारली, गाडी डावीकडे आडवी झाली आणि पाण्याचा पेला मुलीच्या हातातून निसटून मास्तरांच्या बुटात रिकामा झाला.

"अहो बाबा, आई ठीक आहे. फोन केला होता तिनं. खुर्चीवर बसलीय."

"कुठे?"

"सायकलच्या दुकानात. थांबा, मी टॅक्सी बोलावते, तुम्ही—"

मास्तरांनी गाडी उचलली होती. किक बसत नव्हती. चौथ्या किकला बसली, आणि एका बुटात पाणी घेऊन ते आल्या वाटेनं परत गेले. अकरा किलोमीटर ते एक शब्द बोलले नाहीत.

बाई दुकानासमोर खुर्चीत बसल्या होत्या. डावा पाय एका उलट्या घमेल्यावर लांब केलेला. सायकलवाला शेजारी बसून एका चाकाच्या तारा आवळत होता आणि बाई त्याला एक्सचेंजमधली काहीतरी गंमत सांगत होत्या. मास्तरांना बघून त्यांनी आधी त्यांच्या पोटरीकडे बघितलं.

"भाजलं?"

मास्तर समोर येऊन उभे राहिले. हेल्मेट काढायचंही त्यांना सुचलं नाही. "मी तुला सोडून गेलो."

"गेलात खरे."

"गाडी दबली होती. खांद्यावर हात…"

"कळलं मला ते. तुम्ही वळणाच्या पलीकडे जायच्या आत कळलं. बसा इथं." त्यांनी सायकलवाल्याकडून पाणी मागून घेतलं आणि मास्तरांच्या पोटरीवर रुमाल भिजवून ठेवला. "फोनवर मुलगी म्हणत होती, फाटकात आलात तरी तुमचं बोलणं चालूच होतं. एवढं काय बोलत होतात?"

मास्तरांनी गाडीकडे बोट दाखवलं. "चल, बस मागे. वाटेत सांगतो."

"वाटेत नको. इथंच सांगा. गाडीवर मला ऐकू येत नाही."

"आज?"

"कधीच."

मास्तरांनी आता हेल्मेट काढलं. "कधीपासून?"

"हेल्मेट घेतलं तेव्हापासून."

"चोवीस वर्षं?"

"त्याच्या आधी वारा होता."

सायकलवाल्यानं चाक फिरवायचं थांबवलं.

"आणि ती थाप?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "बोलून झालं की तू पाठीवर थाप द्यायचीस."

"तुमचं डोकं हलायचं बंद झालं की द्यायचे. एक्सचेंजमध्ये सवयच होती. बोलणाऱ्याला कळलं पाहिजे, लाइन तुटलेली नाही."

"म्हणजे पुलावर मी जे…"

"काय पुलावर?"

"काही नाही. वडील गेले तेव्हा…"

"तेव्हा तुम्ही रडत होतात. ते पाठीवरून कळत होतं." बाईंनी रुमाल उलटा केला. "घरी आलात की दिवसभर माझ्याकडे तिरकं बघायचात, त्यावरून बाकीचं कळायचं. थोडं थोडं. ते जाऊ दे. आज काय बोललात ते सांगा."

समोर बाईंचा चेहरा होता. मागे रस्ता. सगळं उलटं होतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग तळ्याच्या रस्त्यावर एवढं सविस्तर सांगितलेलं सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, तेही अडखळत. तुझा गुडघा माझ्यामुळे गेला. माझ्या त्या डाव्या बाजूमुळे. एकोणीस हजार दोनशे वेळा.



"हे तुम्ही आठ महिने मनात धरून बसलात?"

मास्तरांनी मान हलवली.

"अहो, माझ्या आईचा डावाच गुडघा गेला होता. मावशीचाही डावाच. त्या काय तुमच्या मागे बसत होत्या?"

 कॅलेंडरच्या मागे त्यांनी सासूबाईंना धरलं नव्हतं.

"पण दुखत होतं तर डावीकडून का चढत राहिलीस? सांगायचं नाही?"

"लग्नानंतर पहिल्या दिवशी तुम्ही मला शिकवलंत," बाई म्हणाल्या. "स्टँड कुठे, सायलेन्सर कुठे. किती खुशीत होतात तुम्ही सांगताना. मला वाटलं, एवढं एक तरी यांच्या मनासारखं करावं."

 मास्तरांनी बाईंचा हात हातात घेतला आणि रस्त्यावरच्या भर रहदारीत, सायकलवाल्यासमोर, धरून ठेवला. सायकलवाला आत जाऊन उगाच काहीतरी शोधायला लागला.

"तरी चालायला पाठवत होतो, ते चुकलंच," ते म्हणाले.

"ते चुकलं," बाई म्हणाल्या. "तेवढं परत म्हणा. बरं वाटलं ऐकायला."

मास्तरांनी परत म्हटलं.

मग निघायची वेळ आली. गाडीची उजवी बाजू पायरीला लागली. सायकलवाल्यानं रबरी ट्यूबचे दोन तुकडे कापून फूटरेस्टला बांधून दिले, पाय सरकू नये म्हणून, आणि बाईंची पोटरी सायलेन्सरपासून लांब राहील अशी एक फळी आडवी बसवली. हे मास्तरांना आठ दिवसांत सुचलं नव्हतं. मास्तर गाडीवर बसले, दोन्ही पाय टेकवले, आणि मान पूर्ण वळवून मागे बघत राहिले. उजवा पाय वर गेला. काठी पिशवीच्या बंदात अडकली, सुटली. डावा पाय सावकाश मागून फिरला, मध्येच थांबला, बाईंनी ओठ घट्ट मिटले, आणि तो पलीकडे गेला. बत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला गाडीवर चढताना पहिल्यांदाच बघितलं. एवढं सगळं मागे चालतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"अहो, समोर बघा," बाई म्हणाल्या. "मान धरेल."

तिथून मुलीचं घर अकरा किलोमीटर. पहिलं किलोमीटर होतं न होतं तोच मास्तरांनी गाडी कडेला घेतली, इंजीन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि वळले.

"काय झालं?" बाईंनीही हेल्मेट काढलं.

"पुलावर म्हणालो होतो, मुलगी व्हायच्या आधी. मला फार भीती वाटतेय म्हणालो होतो."

"मलाही वाटत होती," बाई म्हणाल्या. "बरं केलंत सांगितलंत."

पुढच्या वळणाजवळ गाडी परत थांबली. इंजीन बंद, हेल्मेट काढा, वळा. यावेळी वडिलांचं होतं. ते सांगायला जरा वेळ लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि थाप दिली नाही, हात तसाच राहू दिला.

"असं थांबत गेलात तर जेवायच्या वेळेला पोहोचू," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

"मग गाडीचं काय ठरवायचं? देऊन टाकायची?"

"देऊन टाकलीत तर तुम्ही थांबवणार काय?"

मास्तरांनी हेल्मेट घातलं आणि किक मारली. पहिल्या किकला बसली. ते मोठ्या सिग्नलपर्यंत सरळ गेले, सिग्नल ओलांडला, आणि पन्नास पावलांवर तिसऱ्यांदा कडेला थांबले. इंजीन बंद केलं. हेल्मेट काढलं. वळले.

बाईंनी आपलं हेल्मेट काढलं, विस्कटलेले केस मागे सारले. "आता काय?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "आहेस ना, ते बघितलं."